स्वतःचं बिल स्वतः करताना

(सामुदायिक रेडिओवरील ‘गटाच्या गप्पा’ या कार्यक्रमातील भाषण)

आज बोलायचं आहे ते दुकानातल्या एका यंत्राबद्दल. सुपरमार्केटमध्ये सामान घेतलं की आपण काउंटरवर रांगेत उभ्या राहतो. काउंटरवरची मुलगी एकेक पुडा काचेवरून फिरवते, ‘पीं’ असा आवाज येतो आणि पडद्यावर वस्तूचं नाव आणि किंमत उमटते. आता मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत काउंटरच्या जागी नुसतंच यंत्र उभं असतं. पुडा आपण फिरवायचा, पिशवीत आपण भरायचा, पैसेही आपणच यंत्रात भरायचे. याला म्हणतात सेल्फ चेकआउट, म्हणजे स्वतःचं बिल स्वतः करणं.

तुम्ही म्हणाल, हे शहरातलं कौतुक आम्हाला कशाला? तर त्याची तीन कारणं आहेत. एक, आपण गिऱ्हाईक आहोत. आज ना उद्या मुलीकडे, सुनेकडे शहरात गेलो की या यंत्रासमोर उभं राहावं लागणार. दुसरं, आपण माल तयार करणाऱ्या बाया आहोत. आपली चटणी, पापड, मसाला अशा दुकानात ठेवायचा तर त्या यंत्राला तो वाचता आला पाहिजे. आणि तिसरं, आपल्याच घरातल्या मुली या दुकानांच्या काउंटरवर नोकरीला आहेत.

आधी हे सगळं आलं कुठून ते पाहू. अमेरिकेतली जुनी किराणा दुकानंही आपल्या वाण्याच्या दुकानासारखीच होती. गिऱ्हाईक बाहेर उभं, माल आत, मागाल ते दुकानदार काढून देणार. १९१६ साली मेम्फिस गावात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला टोपली देऊन आत सोडलं. माल फळीवर, तुम्हीच उचला आणि शेवटी एका जागी पैसे द्या. दुकानाला नोकर कमी लागू लागले आणि माल काढून देण्याचं काम गिऱ्हाइकाकडे आलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढेही असंच झालं आहे. काम संपलं नाही, ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं.

माल उचलणं सोपं झालं, पण रांग पैशाच्या जागी लागू लागली. प्रत्येक पुड्यावरची किंमत वाचायची, बटणं दाबून यंत्रात घालायची, त्यात वेळ जायचा आणि चुकाही व्हायच्या. यावर फिलाडेल्फियातल्या बर्नार्ड सिल्व्हर आणि नॉर्मन जोसेफ वुडलँड या दोन तरुणांनी विचार सुरू केला. वुडलँड यांना तारेची कडकट्ट भाषा, म्हणजे मोर्स कोड, येत होती. मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना त्यांनी वाळूत बोटं ओढली, आणि त्यांच्या मनात आलं की तारेतले ठिपके आणि रेघा अशाच खाली लांबवल्या तर जाड-बारीक रेघांची एक लिपी तयार होईल. १९५२ साली दोघांना पेटंट मिळालं. पण त्या रेघा वाचायला स्वस्त लेझर आणि संगणक लागत होते, ते यायला आणखी वीस वर्षं गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या ‘मार्श’ सुपरमार्केटमध्ये च्युइंग गमचं एक पाकीट पहिल्यांदा असं वाचलं गेलं. त्याची किंमत होती ६७ सेंट.

पुढे १९८६ साली अटलांटा शहराजवळच्या ‘क्रोगर’च्या दुकानात डेव्हिड हंबल यांनी केलेलं यंत्र बसलं. त्यात पुडा फिरवणारं गिऱ्हाईकच होतं. म्हणजे आधी माल उचलणं आपल्याकडे आलं, मग बिल करणंही आलं. आज युरोप-अमेरिकेत ही यंत्रं सगळीकडे दिसतात. ब्रिटनमध्ये ‘टेस्को’सारख्या दुकानांत तर दारातच हातात धरायचं लहान यंत्र मिळतं. फळीवरून वस्तू उचलायची, तिथेच वाचून घ्यायची आणि आपल्या पिशवीत टाकायची. शेवटी फक्त पैसे भरायचे. अधूनमधून दुकानाचा माणूस एखादी पिशवी तपासतो.

आता या रेघांचा, म्हणजे बारकोडचा, अर्थ समजून घेऊ. यंत्रातून लाल उजेड निघतो. काळी रेघ तो उजेड शोषून घेते, पांढरी जागा तो परत पाठवते. परत आलेल्या उजेडावरून यंत्र रेघांची जाडी मोजतं आणि त्यातून तेरा आकडी नंबर तयार करतं. पुडा उलटा धरला तरी चालतं, कारण डाव्या आणि उजव्या बाजूच्या रेघांची मांडणी वेगळी ठेवलेली असते.

त्या नंबरात किंमत नसते, ही गोष्ट पुष्कळजणींना माहीत नसते. तो फक्त वस्तूचा ओळख नंबर आहे. नंबर मिळाला की दुकानाचा संगणक आपल्या यादीत पाहतो आणि तिथे भरलेली किंमत दाखवतो. यादीत चुकीची किंमत भरलेली असेल तर यंत्र चुकीचीच किंमत मोठ्या विश्वासाने दाखवणार. अपवाद एवढाच की दुकानात वजन करून चिकटवलेल्या भाजीच्या, डाळीच्या चिठ्ठीवरचा नंबर दुकानाने स्वतःपुरता केलेला असतो. तो २ या आकड्याने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा किंमत भरलेली असते.

आपल्याकडच्या बहुतेक पुड्यांवर नंबर ८९० ने सुरू होतो. म्हणजे तो नंबर जीएस१ इंडिया या भारतातल्या संस्थेकडून घेतलेला आहे. माल भारतातच तयार झाला, असा त्याचा अर्थ होत नाही. तो मजकूर पुड्यावर वेगळा वाचावा लागतो.

शेवटचा तेरावा आकडा राखणदार असतो. वही-पेन हाताशी असेल तर हे करून पाहा. समजा नंबर आहे ८९०, त्यापुढे १ पासून ९ पर्यंत ओळीने आकडे, आणि शेवटी शून्य. पहिल्या बारा आकड्यांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक घ्या. ८, ०, २, ४, ६, ८ यांची बेरीज झाली २८. आता दुसरा, चौथा, सहावा असे राहिलेले घ्या. ९, १, ३, ५, ७, ९ यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या पूर्ण दहाला पोचायला यात किती घालायचे? काहीच नाही, म्हणून शेवटचा आकडा शून्य. आता यंत्राने पाचाचा सहा वाचला तर बेरीज १३३ होईल. तिला दहाच्या पटीत न्यायला ७ लागतात, पण शेवटी तर शून्य आहे. यंत्राला कळतं की वाचण्यात चूक झाली, आणि ते ‘पीं’ करत नाही. पुडा चुरगळला असेल तर काउंटरवरची मुलगी तो पुन्हा पुन्हा का फिरवते, ते आता लक्षात आलं असेल.

मग यंत्रासमोर एकटं गिऱ्हाईक असताना, त्याने एखादी वस्तू न वाचताच पिशवीत टाकली तर? त्यासाठी अनेक यंत्रांत पिशवी ठेवायच्या जागेखाली वजनकाटा असतो. प्रत्येक वस्तूचं वजन संगणकात भरलेलं असतं. २०० ग्रॅमचा पुडा वाचला की काट्यावर तेवढं वजन वाढलं पाहिजे. कमी-जास्त झालं की यंत्र थांबतं आणि दुकानातल्या माणसाला बोलावतं. म्हणून पिशवीवर हात टेकवू नका, लेकराला तिथे बसवू नका, पर्स ठेवू नका. यंत्र थांबलं म्हणजे आपण चोरी केली असं नाही. काट्याचा हिशेब जुळला नाही, एवढंच. शांतपणे उभं राहून मदतनिसाला बोलवावं.

आता मुद्द्याचा प्रश्न, याने रांग खरंच लवकर सरते का? रोज हजार पुडे फिरवणाऱ्या मुलीचा हात आपल्यापेक्षा वेगवान असतो. तिला बारकोड पुड्यावर कुठे आहे हे न पाहता कळतं. तरी यंत्राची रांग लवकर पुढे जाते, कारण एका काउंटरच्या जागेत चार-पाच यंत्रं बसतात, सगळ्यांची मिळून एकच रांग असते आणि बहुतेकांच्या हातात दोन-चारच वस्तू असतात. महिन्याचा भरलेला गाडा घेऊन तिथे उभं राहिलं, तर आपला वेळ जातो आणि मागच्यांचाही. अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानांनी २०२४ साली बहुतेक ठिकाणी नियमच केला की यंत्रावर दहा किंवा त्याहून कमी वस्तू असलेल्यांनीच यावं.

काही दुकानांनी तर पाऊल मागे घेतलं. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या ‘बूथ्स’ या दुकानांनी २०२३ मध्ये दोन शाखा सोडून बाकी सगळीकडची यंत्रं काढायचं ठरवलं. गिऱ्हाइकांना माणसाशी बोलायला आवडतं आणि सुटी फळं-भाजी यंत्रात शोधताना त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं. सुट्या मालाचा घोळ खराच आहे. गिऱ्हाइकाने महागाचं फळ काट्यावर ठेवून पडद्यावर स्वस्तातलं गाजर निवडलं तर यंत्राला काय कळणार? एमेलिन टेलर या ब्रिटनमधल्या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांनी एका दुकानाची हकिगत सांगितली आहे. तिथे दुकानात जितकी गाजरं आली होती, त्यापेक्षा जास्त विकल्याची नोंद झाली होती!

‘ॲमेझॉन’ने २०१८ साली सिॲटलमध्ये याहून पुढचं दुकान उघडलं. छताला कॅमेरे, फळीला वजनकाटे. वस्तू उचला आणि सरळ निघून जा, बिल मोबाइलवर येणार. पण अमेरिकेतल्या आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत त्यांनी २०२४ मध्ये काढायचं जाहीर केलं आणि त्याऐवजी गाड्यालाच वाचणारं यंत्र लावायला घेतलं. नेदरलँड्समध्ये ‘जम्बो’ या दुकानांनी २०१९ पासून उलटंच केलं. ज्यांना घाई नाही आणि चार शब्द बोलायचे आहेत अशा लोकांसाठी त्यांनी गप्पांचा काउंटर सुरू केला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा आधार वाटतो.

आपल्याकडे हे यंत्र कुठे दिसतं? ‘डेकॅथलॉन’च्या खेळसाहित्याच्या दुकानांत कपडे, बूट एका खोक्यात ठेवले की सगळ्यांचं बिल एकदम होतं. तिथे प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीत बारीक चिप असते आणि ती रेडिओ लहरींनी वाचली जाते. किराण्यात मात्र आपल्याकडे वेगळीच अडचण आहे, ती म्हणजे छापील किंमत, एमआरपी. साबणाचा जुना माल चाळीसचा आणि नवा बेचाळीसचा असला तरी दोन्हींवर बारकोड एकच असू शकतो. काउंटरवरची मुलगी पुडा उलटून किंमत बघते आणि दोन्हींतली बरोबर निवडते. आपण स्वतः बिल करू तेव्हा हे बघणं आपल्या अंगावर येतं.

आणि अर्धं सेल्फ चेकआउट तर आपल्या आठवडी बाजारात येऊनही गेलं. भाजीवालीच्या टोपलीला लावलेला चौकोनी क्यूआर कोड आपण मोबाइलने वाचतो आणि रक्कम आपण घालतो. तो बारकोडचाच धाकटा भाऊ. १९९४ साली जपानमध्ये ‘डेन्सो वेव्ह’ कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. रेघा आडव्याच वाचतात, हा चौकोन आडवा-उभा दोन्हीकडून वाचतो, म्हणून त्यात जास्त माहिती मावते. तिथेही पैसे सोडण्याआधी पडद्यावरचं नाव वाचायची सवय ठेवा. कोड कुणी बदलून चिकटवला असेल तर तो त्या नावावरूनच कळतो.

तर गिऱ्हाईक म्हणून चार सवयी लावून घ्या. एक, प्रत्येक ‘पीं’नंतर पडद्याकडे बघा. वस्तू दोनदा लागली असेल तर पैसे भरण्याआधीच सांगा. दोन, पडद्यावरची किंमत आणि पुड्यावरची एमआरपी ताडून बघा. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्याला धरून नाही. तीन, बिल मागून घ्या आणि दाराबाहेर पडेपर्यंत हातात ठेवा. आणि चार, बिलासाठी मोबाइल नंबर द्यायलाच हवा अशी सक्ती दुकानांनी करू नये, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये कळवलेलं आहे. द्यायचा नसेल तर नाही म्हणा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आता आपल्या मालाकडे येऊ. बैठकीत बाया विचारतात, “ताई, आपल्या शेंगदाणा चटणीवर त्या रेघा कधी येणार?” मी आधी विचारते, विकायची कुठे? गावात, जत्रेत, प्रदर्शनात विकायला बारकोडची गरज नाही. सुपरमार्केटला किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर तो मागतात. तेव्हा तो जीएस१ इंडियाकडून, शुल्क भरून, रीतसर घ्यायचा. शुल्कात काही सवलत लागू आहे का, ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारायचं. इंटरनेटवर फुकट रेघा काढून देणारे पुष्कळ आहेत, पण तो नंबर आधीच दुसऱ्या कुणाच्या तेलाचा किंवा साबणाचा असू शकतो. मग यंत्रावर आपल्या चटणीऐवजी साबणाचं नाव येईल आणि दुकानदार माल परत पाठवेल. अन्न परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर वेगळा आणि हा वेगळा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

१०० ग्रॅमच्या पुड्याला एक नंबर, २०० ग्रॅमच्या पुड्याला दुसरा. तिखट चटणीला वेगळा, कमी तिखटाला वेगळा. छापताना रेघा काळ्या आणि मागचा भाग पांढरा ठेवा. लाल रेघा मुळीच नकोत, कारण यंत्राच्या लाल उजेडात त्या पांढऱ्याच दिसतात. आरपार दिसणाऱ्या पिशवीवर रेघांच्या मागे पांढरा चौकोन हवाच, नाहीतर मागची लाल चटणी आणि रेघा यंत्राला वेगळ्या कळायच्या नाहीत. मूळ माप साधारण ३७ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर उंच असतं. ते ८० टक्क्यांपर्यंत लहान केलेलं चालतं, त्याखाली नको. दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडा. पिशवीच्या शिवणीवर, घडीवर बारकोड येऊ देऊ नका. बारीक बरणी असेल तर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या, एकीखाली एक येतील असा चिकटवा, म्हणजे गोलाईने त्या मुडपत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. हाताच्या अंदाजाने भरलेला एक पुडा १९० ग्रॅमचा, दुसरा २१५ चा, हे आता चालणार नाही. कमी भरलं तर वजनमापाच्या कायद्यात अडकतो, जास्त भरलं तर गटाचा तोटा, आणि दोन्ही वेळा यंत्र अडून बसतं. गिऱ्हाइकासमोर तीनदा यंत्र थांबलं, की दुकानदार ती चटणी फळीवरून काढून ठेवणार. म्हणून बारकोडच्या आधी चांगला काटा घ्या आणि एकीने फक्त वजनच बघायचं, अशी गटात वाटणी करा.

शेवटी आपल्या मुलींबद्दल. यंत्रं आली की पाच-सहा यंत्रांमागे एक मदतनीस पुरते, म्हणजे काउंटरवरच्या जागा कमी होतात. हे लपवून उपयोग नाही. आपल्याकडे मजुरी कमी आणि यंत्र महाग, म्हणून उद्याच काही नोकऱ्या जाणार नाहीत. पण वाट बघत बसायचं कारणही नाही. वर पाहिलंच, की यंत्राला भाजी ओळखता येत नाही, दोन एमआरपींतली निवड करता येत नाही, यादीत चुकीची किंमत असली तर कळत नाही, आणि गोंधळलेल्या आजीला समजावता येत नाही. ही कामं राहणारच आहेत. काउंटरवर असलेल्या मुलींनी मालाची नोंद, किमतीची यादी भरणं, साठा मोजणं ही कामं आत्ताच मागून शिकून घ्यावीत. फक्त पुडा फिरवणारीच्या जागी यंत्र बसतं. यादी भरणारी आणि चूक शोधणारी मात्र दुकानाला लागतेच.

गावातल्या ज्या गटांना बारकोड घ्यायचा आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला आपल्या मालाचे रिकामे पुडे आणि वजनाची वही घेऊन यावं. प्रत्येकीने दहा पुडे वजन करून त्याचे आकडे लिहून आणले, तर कुणाची तयारी झाली आहे ते तिथेच कळेल. आज इथेच थांबते.